रिकाम्या ओळी कशा काढाव्यात

बेबीताईचं वय सत्तेचाळीस, हाताखाली दोन माणसं, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. तरी ऑफिसात तिला सगळे बेबीताईच म्हणतात, आणि याला जबाबदार तिचा दादा. एकदा तिचा मोबाइल लागेना म्हणून त्यानं थेट रिसेप्शनला फोन केला आणि विचारलं, "आमची बेबी आहे का हो जागेवर?" रिसेप्शनवरच्या मुलीनं ते जसंच्या तसं स्पीकरवर पुकारलं. झालं! त्या दिवसापासून मालकापासून शिपायापर्यंत सगळ्यांची ती बेबीताई झाली. तिनंही फार मनाला लावून घेतलं नाही. दादानं ठेवलेलं नाव, राहिलं तर राहिलं.

तिची कंपनी एक टेक्स्ट एडिटर बनवते. म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर लिहायची, खोडायची, नीटनेटका करायची जागा. तसे एडिटर ढिगानं आहेत, पण याची गंमत अशी, की याला तुम्ही तुमच्या कामाची कमांड स्वतः शिकवू शकता. चार ओळींचा प्रोग्राम लिहायचा, आणि जे काम हातानं करताना कंबर मोडली असती ते एका बटणावर होतं. तो प्रोग्राम कसा लिहायचा याची एक मार्गदर्शिका कंपनीच्या वेबसाइटवर आहे, आणि ती बेबीताईनं लिहिलेली आहे. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लेखिका म्हणून तिचंच नाव असतं.

आता खरं सांगायचं, तर मार्गदर्शिका कोण वाचतं? कोणी नाही. लोक सरळ उदाहरणावर येतात, ते उचलतात, आपल्या फाइलीत डकवतात, आणि चाललं की निघून जातात. बेबीताईला त्याचं काही वाटत नसे. उलट तिचं म्हणणं, की उदाहरण असंच असावं: उचललं, डकवलं, चाललं. बाकीचे परिच्छेद ती निव्वळ पगार हलाल करण्यासाठी लिहायची.

पहिलं उदाहरण तर तिच्या खास जिव्हाळ्याचं होतं. "रिकाम्या ओळी कशा काढाव्यात." तीन ओळींचा प्रोग्राम. पहिल्या ओळीत उघडलेला मजकूर हातात घ्यायचा, दुसरीत रिकाम्या ओळी गाळायच्या, तिसरीत उरलेला मजकूर जागच्या जागी ठेवायचा. नमुना म्हणून तिनं स्वतःच्या पर्समधली सामानाची चिठ्ठीच घातली होती: पडद्याचे हूक, बाथरूमचा बल्ब, दादाच्या चष्म्याचा स्क्रू. मध्ये मध्ये रिकाम्या ओळी. कमांड चालवली की ओळी गायब आणि सामान एकाखाली एक. कितीतरी लोक त्या तीन ओळींवर प्रोग्रामिंगला लागले. वर्षानुवर्षं ते उदाहरण बिनबोभाट चाललं होतं, आणि नेमका तिथंच घोळ झाला. बिनबोभाट चालणाऱ्या गोष्टीचा अहवाल काय डोंबल लिहिणार?

मालकानं एक दर्जाप्रमुख आणला. आधी तो बिस्किटांच्या कारखान्यात दर्जा सांभाळायचा. माणूस गोड, इस्त्रीचा, कोणालाही मध्येच न तोडणारा, पण त्याला कुठलीही गोष्ट दाखवली, की तो मान तिरकी करून म्हणायचा, "छान आहे. आता सुधारू या." आठवड्याभरात त्याचं नाव सुधारक पडलं. मार्गदर्शिकेतली उदाहरणं सुधारायची मोहीम त्यानंच काढली. मोहिमेचं मोजमाप सोपं होतं: किती उदाहरणं बदलली. जे उदाहरण बदललं नाही ते सुधारलं नाही, असा हिशेब. म्हणजे मुळात चांगलं असलेल्या उदाहरणाची काही धडगत नव्हती.

पहिल्या मीटिंगला पहिलंच उदाहरण भिंतीवरच्या पडद्यावर लावलं. सुधारकानं मान तिरकी केली.

"हे जरा उघडंबोडकं वाटतंय, नाही का?"

"म्हणजे?" बेबीताईनं विचारलं.

"तीनच ओळी! ग्राहकाला वाटेल, एवढंच येतं यांना."

"ग्राहकाला रिकाम्या ओळी काढायच्यात हो. आपल्याला काय येतं त्याच्याशी त्याला काय करायचंय?"

सुधारक हसला आणि त्यानं ते लिहून घेतलं. लिहून घेतलं म्हणजे ऐकलं नाही, हे बेबीताईला नंतर समजलं.

कंपनीच्या वकीलबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "मला एक सांगा. माणसाची ओळ त्याला न विचारता काढायची? उद्या कोणी उभा राहिला आणि म्हणाला, ती रिकामी ओळ मी मुद्दाम ठेवली होती, तर?" म्हणून प्रत्येक रिकाम्या ओळीला ग्राहकाची परवानगी मागायची, असं ठरलं. शिवाय काढलेल्या रिकाम्या ओळी फेकायच्या नाहीत, एका वेगळ्या फाइलीत जपून ठेवायच्या.

"रिकाम्या ओळी? जपून?" बेबीताईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"रिकाम्या असल्या तरी ग्राहकाच्या आहेत," वकीलबाई म्हणाल्या.

मग सुरक्षावाला बोलला. हा वर्षभरात दोनदाच बोलतो, आणि दोन्ही वेळा माणसं घाबरतात. "रिकामी दिसतेय ती खरोखर रिकामी आहे कशावरून?" सुरक्षावाल्यानं 'पहारेकरी' नावाचा एक भाग लिहिला होता; प्रत्येक ओळ आधी त्याच्यापुढून जाईल, त्यानं हो म्हटलं तरच पुढं सरकेल. उदाहरणात पहारेकरी आला. पाठोपाठ वेगवाला सरसावला: दहा लाख ओळी आल्या तर? म्हणून काम चार तुकड्यांत वाटून एकाच वेळी चालवायचं.

"दादाच्या चष्म्याला दहा लाख स्क्रू नाही लागत," बेबीताई म्हणाली.

"तो स्क्रू काढायचाच आहे," जाहिरातवाली म्हणाली. "फार घरगुती वाटतं ते. बाथरूमचा बल्ब काय! काहीतरी उंच हवं." आणि तिनं नमुन्यात घातलं: झेप, शिखर, उद्या. शेवटी सगळीकडे सारखेपणा हवा म्हणून कोडमधल्या प्रत्येक गोष्टीला 'घटक' म्हणायचं ठरलं. घटक एक, घटक दोन, असं थेट घटक एकोणीसपर्यंत.

बेबीताई एकदा उसळली. "अहो, पहिलं उदाहरण आहे ते! माणूस नुकता दारात आलाय. त्याला आत तर येऊ द्या!"

सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. सुधारक अगदी मायेनं म्हणाला, "बेबीताई, तुमचा अनुभव आम्हाला आदरणीय आहे." ऑफिसात कोणी तुमच्या अनुभवाला आदरणीय म्हटलं, की समजावं, आपली रवानगी काचेच्या कपाटात झाली. मग तो हळूच असंही म्हणाला, की मोहीम नीट पार पडली तर मुख्य लेखिका अशी एक जागा निघणार आहे. बेबीताई गप्प झाली. मोह म्हणा, कंटाळा म्हणा, जेवायची वेळ टळून गेली होती म्हणून म्हणा. मूग गिळून बसली हे मात्र खरं.

तीन ओळींचं उदाहरण चांगलं दोन पानी झालं. मंजुरीच्या तक्त्यावर प्रत्येकानं आपापल्या रकान्यात सही केली. कायदा, सुरक्षा, वेग, शोभा, सारखेपणा, सगळ्यांचे रकाने होते. 'चालवून पाहिलं' असा रकाना मात्र नव्हता. प्रत्येकानं आपापल्या चार ओळी वाचल्या, त्या बिनचूक होत्या, आणि बाकीच्या दुसऱ्या कोणीतरी पाहिल्याच असतील असं धरून सगळे जेवायला गेले. बेबीताईनंही सही केली. नवी मार्गदर्शिका वेबसाइटवर चढली आणि जुनी उतरवली.

त्याच आठवड्यात दादाचा पेपर बंद पडला.

दादा मुद्रितशोधक. वडील गेले तेव्हा शाळा सोडून छापखान्यात लागला तो तिथंच. रोजचा पेपर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका टिपायच्या, हा त्याचा धंदा. गावात असं म्हणत, की याच्या नजरेखालून गेलेल्या पानात चूक उरत नाही, आणि दादाला त्याचा केवढा गर्व! बेबीला त्यानंच वाढवलं, त्यानंच शिकवलं, आणि ती कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली तेव्हा तो गल्लीत सांगत सुटला होता. आता पंचावन्नाव्या वर्षी तो घरी बसला. चार ठिकाणी विचारून आला, चार ठिकाणी त्याच्या पांढऱ्या केसांकडे बघून चहा पाजून परत पाठवलं.

शेवटी कायद्याची पुस्तकं छापणाऱ्या एका संस्थेनं बोलावलं. त्यांच्याकडे जुन्या पुस्तकांचा मजकूर मशीननं वाचून घेतलेला होता: जागोजागी रिकाम्या ओळी, तुटलेले शब्द, नको तिथं ठिपके. तो साफ करायला माणूस हवा होता. काम त्याच्या हातचं होतं, पण एक अट होती. हातानं नाही करायचं, एडिटरला कमांड शिकवून करायचं. आणि एडिटर कोणता? बेबीच्या कंपनीचा! तीन आठवड्यांनी सोमवारी परीक्षा. मार्गदर्शिका उघडून बसायची मुभा.

"मी शिकवते रे तुला," बेबीताई म्हणाली. "रोज संध्याकाळी येते. आठ दिवसांत तयार होशील."

"काही नको. सगळं तूच लिहिलंयस ना? मग तेच वाचतो. तू शेजारी बसलीस तर मला तुझी सवय लागेल, आणि तिथं तू थोडीच येणार आहेस परीक्षेला?"

"अडलं तर विचारशील?"

"माझ्या बहिणीनं लिहिलेलं मला अडेल होय?" दादा म्हणाला, आणि वर वहिनीला ओरडून सांगितलं, "अगं, ऐकलंस का? म्हणे अडलं तर!"

दोन पानी उदाहरण तिच्या डोळ्यांपुढं आलं. पण तिनं मनाची समजूत घातली, की लांबलचक आहे, वेडंवाकडं आहे, पण चालतं तर खरं. वेळ लागेल, येईल त्याला. मध्ये मध्ये ती फोन करायची. "काय दादा, कुठवर आलं?" "छान चाललंय," दादा म्हणायचा. "छान लिहिलंयस गं." आणि लगेच हवापाण्याच्या गोष्टी काढायचा.

परीक्षेला चार दिवस राहिले असताना वहिनीचा फोन आला, तोही दुपारी, ऑफिसात. वहिनी दबक्या आवाजात बोलत होती.

"बेबी, मी बाहेर येऊन बोलतेय. त्यांना कळू देऊ नकोस. ते परीक्षेला जात नाही म्हणतायत."

"काय? का पण?"

"जमत नाही म्हणतात. अगं, पहिलंच आहे ते, रिकाम्या ओळींचं. तिथंच अडून बसलेत. डकवत नाहीत, डकवलं की डोळा चुकार होतो म्हणे, म्हणून सगळं हातानं टाइप करतात. चालवलं की लाल अक्षरं येतात. मग मला समोर बसवतात. मी पानावरचं मोठ्यानं वाचायचं, त्यांनी लिहिलेलं ताडून बघायचं, छापखान्यात करायचे तसं. कंस सुरू, घटक चार, स्वल्पविराम, घटक पाच, कंस पुरा. माझा घसा बसलाय गं! एक अक्षर इकडचं तिकडे सापडत नाही."

"मग बरोबरच असेल ना ते!"

"ते तसं म्हणतच नाहीत. म्हणतात, पुस्तकात बेबीनं लिहिलंय म्हणजे ते बरोबर. मग चूक माझीच, आणि ती मला दिसत नाहीये. परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. नंबर तोच निघाला. घरी आले आणि म्हणाले, डोळे ठीक आहेत, म्हणजे डोकंच गेलं. आता पेपर आला तरी हातात घेत नाहीत. सगळी उमेदच गेलीय."

"वहिनी, ती लाल अक्षरं काय सांगतात?"

"तेच तेच. 'पहारेकरी सापडला नाही.'"

बेबीताईनं फोन ठेवला आणि पहिल्यांदाच, हो, पहिल्यांदाच, ते उदाहरण स्वतः डकवून चालवलं. ऑफिसच्या मशीनवर ते चाललं. प्रत्येक रिकाम्या ओळीला परवानगी मागत, कण्हत कुंथत का होईना, चाललं. तशीच उठली आणि सुरक्षावाल्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"तुमचा तो पहारेकरी सगळ्या लोकांच्या एडिटरमध्ये आहे ना?"

"नाही. सध्या फक्त ऑफिसच्या मशीनवर. लोकांना पुढच्या आवृत्तीत मिळेल."

"ती कधी येणार?"

"पुढच्या वर्षी. वेळेत झाली तर."

"अहो, मग उदाहरणात आत्ता कसा आला तो?"

"मार्गदर्शिका काळाच्या पुढं असावी, असं मीटिंगमध्ये ठरलं होतं," सुरक्षावाला म्हणाला, आणि वर्षातलं आपलं तिसरं बोलणं झाल्यासारखा परत पडद्याकडे वळला.

तिनं मीटिंग बोलावली. तावातावानं सगळं सांगितलं: पहिलं उदाहरण ऑफिसच्या बाहेर जगात कुठंही चालत नाही. कोणाकडेच चालत नाही. जो येतो तो दारातच आपटतो. सुधारकानं शांतपणे ऐकून घेतलं, आणि मान तिरकी केली.

"तक्रारी किती आल्या?"

"एकही नाही," बेबीताईला सांगावं लागलं.

"बघा!" सुधारकानं लगेच एक आलेख पडद्यावर लावला. जुन्या उदाहरणाबद्दल अधूनमधून लोक काहीबाही लिहायचे: ही ओळ अशी का, तशी चालेल का, आभारी आहोत. नवीन आल्यापासून चिटपाखरू नाही. आलेखाची रेघ सरळ तळाला टेकली होती. "इतकं समाधान या मार्गदर्शिकेला आजवर लाभलं नव्हतं."

"अहो, समाधान कसलं! त्यांना वाटतंय चूक त्यांची आहे! एवढी वकिली भाषा, एवढे घटक, एवढा थाट बघून कोणाची हिंमत होणार आहे, हे चुकलंय म्हणायची? बिचारे गुपचूप मिटून ठेवतायत आणि स्वतःला मठ्ठ म्हणतायत!" तिचा आवाज चिरकला. "माझा सख्खा भाऊ डोळे तपासून आला!"

"त्यांना बरं आहे ना आता?" वकीलबाईंनी काळजीनं विचारलं.

जुनं उदाहरण परत लावा, असं तिनं सांगून पाहिलं. परत लावायचं तर ते आधी सुधारावं लागेल, असं उत्तर मिळालं. पुढच्या तिमाहीत बघू. तोवर कोणाचा गैरसमज नको म्हणून दोन पानांच्या शेवटी एक वाक्य घालायचं एकमतानं ठरलं: "हे उदाहरण केवळ उदाहरणादाखल आहे." वाक्य वकीलबाईंनी लिहिलं, सगळ्यांना आवडलं, आणि मोहिमेच्या आकड्यात त्या उदाहरणाची आणखी एक सुधारणा धरली गेली. मीटिंग संपताना सुधारकानं बेबीताईच्या हातात एक चकचकीत पाटी ठेवली. मुख्य लेखिका. टाळ्या झाल्या. तिनं ती पाटी खणात उपडी टाकली आणि जोरात खण लावला.

रविवारी सकाळी ती दादाकडे गेली. जुन्या मार्गदर्शिकेची पानं तिच्या मशीनवर राहिली होती, ती छापून घेतली होती. दादा गॅलरीत खुर्ची टाकून नुसता रस्त्याकडे बघत बसला होता. दाढी वाढलेली. ज्या माणसाला शर्टाची चुरगळलेली बाही खपायची नाही, तो काल घातलेल्या कपड्यांत होता. लॅपटॉप टेबलावर मिटून ठेवलेला, वर टेबलक्लॉथही टाकलेला. बेबीताईला भडभडून आलं.

"दादा, हे बघ. हे खरं उदाहरण. तीन ओळींचं. हे चालतं."

दादानं कागद घेतला, वाचला, आणि हळूच मांडीवर ठेवला.

"माझ्यासाठी बनवलंस?"

"नाही रे! हेच आधीचं आहे. त्या लोकांनी बदललं. ते दोन पानी जे आहे ना, ते चुकलंय. ते कोणाकडेच चालत नाही."

"बेबे, लहानपणी तुला वाचता यायचं नाही तेव्हा मी तुला मोठ्या अक्षरांत, थोडं थोडं लिहून द्यायचो. आठवतं? तसं आणलंयस तू." तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "वाईट नको वाटून घेऊ. सगळ्या जगासाठी दोन पानं, आणि म्हाताऱ्या भावासाठी तीन ओळी. पण परीक्षेत ते मार्गदर्शिकाच उघडणार ना? तिथं तुझी चिठ्ठी घेऊन बसू?"

"मी खोटं बोलतेय असं वाटतं तुला?"

"खोटं नाही. माया आहे ती. खाली तुझं नाव आहे गं. तू कधी चुकीचं लिहून खाली नाव घालशील?"

बेबीताईनं टेबलक्लॉथ ओढून काढला, लॅपटॉप उघडला, खुर्ची ओढली आणि मार्गदर्शिका लावली.

"ये इकडे. तू वाच, मी टाइप करते. एकेक अक्षर वाच."

"कशाला उगाच..."

"वाच म्हणते ना!"

दादा नाइलाजानं उठला, चष्मा लावला आणि वाचू लागला. कंस सुरू. घटक एक. स्वल्पविराम. तिची बोटं चालत होती, आणि दादा सवयीनं तिच्या खांद्यावरून पडद्यावर नजर ठेवून होता. दोनदा ती चुकली, दोनदा त्यानं जागच्या जागी पकडलं. "ठिपका राहिला." "सोळा नाही, सतरा." दोन पानं संपायला बराच वेळ गेला. वहिनी मध्येच चहा ठेवून गेली, तो निवला. शेवटचा कंस पुरा झाला. दादानं वरपासून खालपर्यंत एकदा ताडून पाहिलं आणि म्हणाला, "बिनचूक आहे."

तिनं कमांड चालवली.

पहारेकरी सापडला नाही.

"पुन्हा चालव," दादा म्हणाला. तिनं पुन्हा चालवलं. तेच. त्यानं तिला उठवलं, स्वतः बसला, सगळं पुसलं, या वेळी पानावरून उचलून डकवलं, जे तो कधी करत नाही, आणि चालवलं. लाल अक्षरं परत आली.

"हे तू लिहिलंयस."

"खाली नाव माझं आहे."

"आणि तुला येत नाही?"

"नाही येत, दादा. मला नाही येत, माझ्या साहेबाला नाही येत, त्या ऑफिसच्या बाहेर कोणालाच नाही येत. तुझी चूक तुला सापडली नाही, कारण ती तुझ्या पानात नव्हतीच. माझ्यात होती. मी चालवून न बघता सही केली."

दादानं चष्मा काढला. पुसला. परत घातला. एकदा पडद्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि बेबीताईला कळलं आता काय होणार ते.

"न बघता?" दादा कडाडला. "न बघता सही केलीस? मी चाळीस वर्षं एकेक स्वल्पविराम तीनतीनदा बघून पान सोडलं, आणि माझी बहीण न बघता सही करते? लाज नाही वाटली? तिकडे लोक विश्वासानं वाचत असतील, तुझ्या नावाकडे बघून! तीन आठवडे! तीन आठवडे मी स्वतःला खुळा म्हणून घेतलं! डॉक्टरला पैसे देऊन आलो! तुझ्या वहिनीचा घसा गेला! मोठी आली लेखिका! आण ते जुने कागद इकडे. एकच आणलास होय? बाकीचे कुठायत? सगळे काढ!"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मध्ये पडायची सोडून ती चक्क पदर तोंडाला लावून हसत होती, आणि डोळेही पुसत होती. बेबीताई खाली मान घालून कागद काढून देत होती. इतकी बोलणी तिनं शाळेनंतर खाल्ली नव्हती. एकीकडे रडू फुटत होतं, आणि एकीकडे वाटत होतं, ओरड रे, आणखी ओरड.

दादानं पानं ओढून घेतली, लावली, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या. "माझा रेझर कुठाय गं?" त्यानं वहिनीला विचारलं. "आणि उद्याचा शर्ट इस्त्री करून ठेव." मग तो बेबीताईकडे वळला आणि बोट रोखून म्हणाला, "उद्या जाणार मी. आणि त्यांनी ती मार्गदर्शिका माझ्यासमोर उघडली ना, तर तोंडावर सांगणार आहे सगळ्यांच्या, हे माझ्या सख्ख्या बहिणीनं लिहिलंय आणि हे साफ चूक आहे. वाईट वाटून घ्यायचं नाही."

"सांग," बेबीताई नाक ओढत म्हणाली. "चांगलं मोठ्यानं सांग, दादा."